‘कोको’ बघण्याआधी आणि बघितल्यावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये महिन्यातून एका रविवारी मुलांसाठी सिनेमा लावतो. ‘कोको’ आतापर्यंत तीनदा लावला आणि तिन्ही वेळा ग्रुपवर तेच ते प्रश्न आले. दरवेळी टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हा खटाटोप. पहिल्या पाच उत्तरांत गोष्ट फुटत नाही. सहाव्यापासून सगळं फुटतं, तेव्हा ज्यांनी सिनेमा बघितलेला नाही त्यांनी तिथे थांबावं आणि नंतर परत यावं.

१. सिनेमा नेमका कशावर आहे? थोडक्यात सांगा.

मेक्सिकोतलं सांता सेसिलिया नावाचं गाव (गाव काल्पनिक, नाव संगीतकारांच्या संत सेसिलियाचं). तिथे रिवेरा कुटुंब पिढ्यान् पिढ्या चपला-बूट शिवतंय. घरात संगीताला बंदी, कारण खापरपणजोबा गाण्यापायी बायको-मुलीला टाकून गेले ते परतलेच नाहीत. आणि या घरातल्या बारा वर्षांच्या मिगेलला व्हायचंय गायक. मृतांच्या दिवशी, म्हणजे ‘दिया दे लोस मुएर्तोस’च्या रात्री, तो एका दिवंगत स्टार गायकाच्या समाधीतली गिटार उचलतो आणि थेट मृतांच्या दुनियेत जाऊन पडतो. सूर्योदयाच्या आत घरच्या कुठल्या तरी पूर्वजाचा आशीर्वाद मिळवून परत यायचं, नाहीतर त्याचाही सांगाडा होणार. बोटांपासून सुरुवात झालेलीच असते.

पिक्सारचा सिनेमा, २०१७ सालचा. दिग्दर्शक ली अंक्रिच, सहदिग्दर्शक एड्रियन मोलिना. लांबी १०५ मिनिटं. २०१८ मध्ये त्याला दोन ऑस्कर मिळाली, सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपट आणि सर्वोत्कृष्ट गाणं.

२. हिरो मिगेल आहे, मग सिनेमाचं नाव ‘कोको’ का?

कोको म्हणजे मिगेलची पणजी. सोकोरो या नावाचं लाडकं रूप. खुर्चीत बसलेली, सुरकुतलेली, माणसं विसरायला लागलेली म्हातारी. पहिल्या तासात तिला मोजून काही वाक्यं आहेत, आणि तरी सिनेमा तिचा आहे. का, ते सहाव्या उत्तरात.

नाती इंग्रजीतून समजून घ्यायला गेलात तर डोकं फिरतं, कारण ‘ग्रेट-ग्रेट’ किती वेळा म्हटलं ते मोजावं लागतं. मराठीत सोपं आहे: एलेना ही मिगेलची आजी, कोको पणजी, इमेल्डा खापरपणजी. मुलांना आधी हे तीन शब्द सांगून ठेवा, निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. ब्राझीलमध्ये मात्र हे नाव बदलावं लागलं. पोर्तुगीजमध्ये थोडा जोर वेगळा दिला की त्याचा अर्थ ‘शी’ होतो.

३. किती वर्षांच्या मुलांना दाखवावा? सांगाड्यांना घाबरतील का?

सांगाड्यांना कुणी घाबरत नाही. त्यांना डोळे आहेत, भुवया आहेत, टोप्या आहेत, आणि त्यांचे हातपाय सुटून पडतात तेव्हा मुलं खिदळतात. मी तिन्ही वेळा बघितलं की लहानांना भीती वाटते ती पेपिता नावाच्या पंखवाल्या अवाढव्य मांजराची, तीही पहिल्यांदा ती डरकाळी फोडते तेवढीच.

मोठ्यांनी तयारीत राहावं अशा तीन जागा आहेत: एकावर घंटा पडते (हे गमतीच्या अंगानं जातं), एक पात्र सगळ्यांदेखत विरून जातं, आणि एक खून आहे. सात-आठ वर्षांच्या पुढे बिनधास्त दाखवा. त्याहून लहान मुलांची अडचण भीतीची नसते, नात्यांच्या गुंत्यात ती कंटाळतात आणि मग आपल्याला विचारून विचारून हैराण करतात. घरी अलीकडेच कुणी गेलं असेल तर आधी उत्तर ११ वाचा.

४. हा म्हणजे त्यांचा पितृपक्षच ना?

हा प्रश्न आजी-आजोबांकडून हमखास येतो, आणि तुलना अगदीच चुकीची नाही. ठरावीक दिवसांत गेलेली माणसं घरी येतात, त्यांच्या आवडीचं करून ठेवायचं, हे दोन्हीकडे आहे. आमच्याकडे आजोबांच्या श्राद्धाला अळूचं फदफदं व्हायचंच, कारण त्यांना आवडायचं. तिथे त्यासाठी घरात ‘ओफ्रेंदा’ मांडतात: फोटो, मेणबत्त्या, पाव, फळं आणि झेंडूच झेंडू. आपण दसऱ्याला दारावर लावतो तो झेंडू मूळचा त्यांच्याचकडचा. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली ही फुलं पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली असं मानतात. सिनेमातला जिवंत-मृतांच्या दुनियेला जोडणारा पूल याच पाकळ्यांचा आहे.

फरक मूडचा. आपल्याकडे पितृपक्षात नवी खरेदीसुद्धा नको म्हणतात. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला कबरस्तानात दिवे लागतात, गाणं-बजावणं होतं, माणसं डबे घेऊन जातात. १ तारीख गेलेल्या लहान मुलांची आणि २ मोठ्यांची असा साधारण रिवाज आहे. सिनेमाने तो एका रात्रीत बसवलाय. दुसरा फरक पिढ्यांचा. श्राद्धात साधारणपणे वडील, आजोबा, पणजोबा या तिघांना नावानं बोलावतात. ज्याच्यासाठी हा सगळा सिनेमा धडपडतो तो खापरपणजोबा आहे, म्हणजे बरोबर आपल्या यादीतून निसटलेला चौथा.

५. इंग्रजीत बघू की स्पॅनिशमध्ये?

मुलांबरोबर असाल तर जी भाषा कळते तीत. तुम्ही दुसऱ्यांदा, एकटे बघत असाल तर स्पॅनिश लावा आणि खाली सबटायटल ठेवा. इंग्रजीत ही माणसं मध्ये मध्ये एखादा स्पॅनिश शब्द पेरतात, त्याचा थोडा नाटकीपणा जाणवतो. स्पॅनिशमध्ये तो प्रश्नच उरत नाही. मृतांच्या दुनियेत मिगेलला भेटणाऱ्या हेक्टरला गाएल गार्सिया बर्नाल यांनी दोन्ही भाषांत आवाज दिला आहे. कोकोला स्पॅनिशमध्ये आवाज आहे एलेना पोनियातोव्स्का या ज्येष्ठ लेखिकेचा. इंग्रजीत तो आना ओफेलिया मुर्गिया यांचा आहे.

*(इथून पुढे गोष्ट फुटते.)*

६. एवढं कौतुक का होतं? सर्वांत जमलेली गोष्ट कोणती?

माझ्या मते एकच: ‘रिमेंबर मी’ हे गाणं. क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ यांचं. ऑस्कर यालाच मिळालं. ते सिनेमात तीनदा महत्त्वाच्या जागी येतं, शब्द तेच आणि अर्थ दरवेळी वेगळा.

पहिल्यांदा ते एर्नेस्तो दे ला क्रूझ गातो, ज्याच्या समाधीतली गिटार मिगेल उचलतो तो स्टार गायक. भलंमोठं स्टेज, नाचणाऱ्या बायका, पांढरी गिटार, प्रेक्षकांकडे फेकलेलं हसू. तिथे ‘मला आठवा’ म्हणजे ‘मला विसरायची हिंमत करू नका’. आपणही त्याला टाळ्यांचं गाणं समजून सोडून देतो. पाठोपाठ घंटा पडून हा मरतो, साल १९४२.

दुसऱ्यांदा, एका खोल विहिरीसारख्या खड्ड्यात अडकलेले असताना, हेक्टर सांगतो की हे गाणं त्यानं कुठल्याच गर्दीसाठी लिहिलं नव्हतं. ते त्याच्या लहान मुलीसाठी होतं, दौऱ्यावर जाताना म्हणायचं अंगाईगीत. मग जुन्या खोलीतलं दृश्य येतं: बाप पलंगाशी बसून हळू आवाजात गातोय आणि दोन वेण्यांची पोर त्याच्याबरोबर गातेय. त्या मुलीचं नाव कोको.

तिसऱ्यांदा मिगेल धावत घरी येतो. पणजी शून्यात बघत बसलेली. फोटो दाखवून, हाका मारून काही होत नाही. घरचे त्यालाच रागावतात. मग तो गिटार घेतो, ज्या घरात गिटारला बंदी आहे त्या घरात, आणि तिच्या कानाशी अगदी हलकं गातो. आजी अडवायला पुढे होते, मिगेलचे वडील तिला थांबवतात. आणि म्हातारीच्या चेहऱ्यावर आधी ओळख उमटते, मग आवाज फुटतो. नंतर ती कापऱ्या हातांनी खण उघडून वडिलांची पत्रं आणि फोटोचा फाडलेला तुकडा काढते, म्हणजे तिनं तो इतकी वर्षं आईपासून लपवून ठेवलेला असतो.

हे रडवण्याचं तंत्र आहे असं म्हणणारे भेटतात. तंत्र आहेच. पण तासाभरापूर्वी जे गाणं आपण भंपक म्हणून बाजूला ठेवलं होतं त्यावरच आपल्याला रडवणं, याला हिंमत लागते. दुसऱ्या वेळी आमच्या मागच्या रांगेत वॉचमनकाका उभे होते, ते हळूच बाहेर पंपाजवळ जाऊन उभे राहिले.

७. चित्रं सुंदर आहेत हे दिसतंच. लक्ष देऊन बघावं असं काय आहे?

सुरुवात. रिवेरा घराण्याचा इतिहास सांगितला जातो तो दोरीवर लावलेल्या कातरकामाच्या कागदी पताकांमधून, ‘पापेल पिकादो’मधून. दोन-अडीच मिनिटांत चार पिढ्या.

गिटारवरची बोटं. सुराला आणि बोटाला मेळ आहे, खऱ्या वादकांच्या बोटांवरून ते बेतलंय. आमच्याकडे क्लासला जाणारा एक मुलगा कॉर्ड ओळखून मोठ्यानं सांगत होता, शेवटी त्याला गप्प करावं लागलं.

आणि मृतांचं शहर. तळाशी प्राचीन पिरॅमिड, त्यावर स्पॅनिश काळाच्या इमारती, त्यावर नवी घरं, असं थरावर थर चढत गेलेलं, कारण माणसं मरतच राहणार आणि शहर वाढतच राहणार. डोंगरउतारावर रंगीत घरं असलेल्या ग्वानाह्वातो शहरावरून ते सुचलंय. मिगेलच्या दुनियेतले रंग तुलनेनं मुद्दाम मंद ठेवलेत.

८. मग खटकतं काय?

खलनायक. दे ला क्रूझनं हेक्टरला विष देऊन मारलं आणि त्याची गाणी चोरली, हा उलगडा त्याच्याच जुन्या सिनेमातल्या प्रसंगावरून होतो, तिथपर्यंत ठीक. पण ‘ज्याला देव मानलं तोच दुष्ट’ ही कलाटणी पिक्सार आणि डिस्नेच्या सिनेमांत तोवर बरीच वापरून झाली होती. दहा वर्षांची मुलं ती आधीच ओळखतात आणि शेजाऱ्याला सांगतात. त्याहून मोठी तक्रार ही की खून आल्यामुळे गोष्ट सोपी झाली. गाण्यासाठी घर सोडलेला आणि मग पस्तावलेला बाप जास्त अवघड होता, जास्त खरा होता. हेक्टर परत निघालाच होता, त्याला मारलं गेलं, म्हणजे इमेल्डाच्या रागाचं निम्मं ओझं आयतंच उतरलं. कुणाला काही माफ करायची फारशी गरजच राहिली नाही.

शेवटचा पाठलागही लांबलाय. कॅमेरा नकळत चालू राहतो, खलनायक बडबडतो आणि सगळं स्टेडियम ऐकतं, हा प्रकार आपण मराठी-हिंदी सिनेमांत किती वर्षं बघतोय! पेपिता तर रिक्षासारखी हवी तेव्हा हजर होते.

इमेल्डा मात्र हवी त्याहून कमी मिळाली. नवरा गेल्यावर रडत न बसता चपला शिवायला शिकलेली, धंदा उभा करून माणसं पोसलेली बाई. ती ‘ला योरोना’ गाते तो प्रसंग इतका झकास आहे की तिच्यावर वेगळा सिनेमा निघावा. घरातल्या बंदीबद्दलची तक्रार दहाव्या उत्तरात वेगळी लिहिली आहे.

९. आठवणीचा नियम कळला नाही. फोटो नसेल तर काय होतं? विसरलं तर काय?

हे दोन नियम आहेत आणि सगळा घोळ ते एक समजण्यामुळे होतो.

पहिला नियम प्रवासाचा. जिवंत माणसाच्या ओफ्रेंदावर तुमचा फोटो असेल तरच त्या रात्री पूल ओलांडता येतो. चेकपोस्टवर चेहरा तपासतात. हेक्टर चक्क प्रसिद्ध मेक्सिकन चित्रकार फ्रीडा काहलोचं सोंग घेऊन जायला बघतो आणि पकडला जातो. फोटो नाही म्हणून पाकळ्यांत त्याचे पाय रुततात. सरकारी खिडकीवर ‘कागद नाही’ म्हणून परत पाठवलेल्या कुणालाही हा प्रसंग लगेच कळेल.

दुसरा नियम अस्तित्वाचा. जिवंतपणी तुम्हाला ओळखणारं शेवटचं माणूस विसरलं की तुम्ही मृतांच्या दुनियेतूनही नाहीसे होता. हा ‘अंतिम मृत्यू’. हेक्टरचा मित्र चिचारोन असाच जातो, आणि ते दृश्य माझ्या मते सिनेमातलं दुसऱ्या क्रमांकाचं. हेक्टर त्याच्यासाठी एक जुनं चावट गाणं म्हणतो, मिगेल शेजारी आहे म्हणून एक शब्द बदलतो, आणि मरायला टेकलेला तो म्हातारा हे शब्द बरोबर नाहीत म्हणून कुरकुरतो. मग विरून जातो.

यावर मुलांनी विचारलेली खरी अडचण: मिगेलला आता हेक्टर माहीत आहे, मग हेक्टर कसा विसरला जाईल? सिनेमाचं उत्तर असं की आठवण ज्यानं जिवंतपणी पाहिलं त्याच्याकडून पुढे यावी लागते. म्हणून कोकोनं बोलणं गरजेचं, आणि एकदा तिनं वडिलांच्या गोष्टी सांगितल्या की साखळी चालू.

पुढची अडचण मात्र सुटत नाही. फोटो निघायच्या आधी जे मेले त्यांचं काय? तळच्या पिरॅमिडमधल्यांना आठवणारं आज कोण आहे? आणि ज्याला कुणीच नव्हतं त्यानं काय करायचं? दे ला क्रूझला अनोळखी चाहत्यांचे नैवेद्याचे ढीग येतात आणि झोपडपट्टीतले बिननात्याचे विरत जातात, यावर सिनेमा चिडतही नाही. आपल्याकडे तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावस्या आहे, तर्पणात ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठीही पाणी सोडतात. या सिनेमाच्या जगात सर्वपित्री नाही. ज्या नियमामुळे सहाव्या उत्तरातलं गाणं एवढं भिडतं त्याचीच ही दुसरी बाजू: हेक्टरला तो चिमटे काढतो तोवर गोष्ट जिवंत असते, बाकीच्यांना मात्र तो सरळ गिळतो.

१०. आजीनं नातवाची गिटार आपटून फोडली आणि शेवटी सगळं गोडीगुलाबीनं मिटलं. पटलं का?

नाही. आणि हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक आयाच असतात, हे नोंदवून ठेवतो.

एलेना आजी हातात चप्पल घेऊन येते तेव्हा आपल्याकडचं अख्खं सभागृह हसतं, कारण ते हत्यार आपल्याही ओळखीचं आहे. पण मुलानं स्वतः जोडतोडून केलेली गिटार अंगणात फोडणं हा विनोद नाही, आणि सिनेमाही तो विनोद म्हणून दाखवत नाही. तिथे तो प्रामाणिक आहे. गडबड शेवटी होते. कोको गाते, आजीच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि पुढच्या दृश्यात थेट एक वर्ष उलटून घरात सगळे गातायत. ‘माझं चुकलं’ हे वाक्य ज्यांनी म्हणायला हवं होतं त्यांच्या तोंडी येत नाही. माफी मागून झालेली असते ती मिगेलची.

मुलांशी यावर जरूर बोला. आमच्याकडे एका सहावीतल्या मुलीनं विचारलं, “पणजीला आठवलं नसतं तर याला गाऊ दिलं असतं का?” उत्तर द्यायला कुणी मोठं माणूस पुढे आलं नाही.

११. घरात नुकताच मृत्यू झालाय / आजींना विसराळूपणाचा आजार आहे. दाखवावा का?

सरसकट हो किंवा नाही सांगता येत नाही. दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. एक, शेवटच्या भागात कोकोही गेलेली असते. तिचं मरण दाखवत नाहीत, ओफ्रेंदावर तिचा फोटो दिसतो आणि पुलावर ती आईवडिलांबरोबर. मुलांना हे उशिरा कळतं आणि मग एकदम कळतं. दोन, गाण्यानं पणजीला सगळं आठवतं हे बघून मुलं घरी तोच प्रयोग करतात. ओळखीची जुनी गाणी स्मृतिभ्रंश झालेल्यांपर्यंत कधी कधी पोचतात हे खरं, पण दरवेळी नाही. प्रयोग फसला तर तो मुलाचा दोष नाही, हे आधीच सांगून ठेवा.

आणि ‘विसरलं की माणूस नाहीसं होतं’ हा सिनेमाचा नियम आहे, जगाचा नव्हे. एका मुलानं भीतीनं आजोबांचा फोटो उशाखाली ठेवायला सुरुवात केली होती, म्हणून लिहितोय.

१२. मेक्सिकोच्या लोकांना आवडला का? की बाहेरच्यांनी त्यांचा सण विकला?

दोन्ही प्रकरणं झाली. २०१३ मध्ये डिस्नेनं ‘दिया दे लोस मुएर्तोस’ या नावावरच ट्रेडमार्क मागितला. म्हणजे उद्या कुणी ‘दिवाळी’वर हक्क सांगावा तसं. बोंबाबोंब झाली, अर्ज मागे घेतला. त्यावर झणझणीत व्यंगचित्र काढणारे लालो अल्काराझ यांना पुढे सल्लागार म्हणून घेतलं. अंक्रिच यांची मूळ कल्पनाही वेगळी होती, आईच्या मृत्यूनंतर मेक्सिकोत आलेल्या अमेरिकी मुलाची. पण ती ‘आता सोडून दे’ सांगणारी गोष्ट होती आणि हा सण नेमका उलटं सांगतो, हे लक्षात आल्यावर त्यांनी ती टाकली. माझ्या मते सिनेमा वाचला तो इथे.

मेक्सिकोत तो अमेरिकेच्या आधी, ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस लागला आणि तोवरच्या कमाईचे तिथले विक्रम त्यानं मोडले. सगळं अस्सल आहे असं मात्र नाही. रंगीबेरंगी ‘आलेब्रिखे’ प्राणी ही पेद्रो लिनारेस यांनी विसाव्या शतकात मेक्सिको सिटीत सुरू केलेली कागदी लगद्याची कला. ते आत्म्यांचे वाटाडे असतात ही सिनेमाची जोड. दान्ते हा केस नसलेला शोलो कुत्रा मात्र मृतांना वाट दाखवतो, ही समजूत खरंच प्राचीन.

१३. दुसरा भाग येणार आहे का?

हो. मार्च २०२५ मध्ये घोषणा झाली, २०२९ मध्ये आणायचा बेत आहे. मला विचाराल तर गरज नव्हती. इमेल्डाची गोष्ट सांगणार असतील तर बोलणं वेगळं.

१४. नावं संपल्यावर काही आहे का? थांबायचं का?

जादा दृश्य नाही, पण थांबा. नावांच्या शेवटी सिनेमा करणाऱ्यांच्या आपापल्या गेलेल्या माणसांचे फोटो येतात, पडदाभर, एखाद्या मोठ्या ओफ्रेंदासारखे. आम्ही पहिल्या वेळी दिवे लावले, खुर्च्या आवरायला घेतल्या आणि ते हुकलं. आता दिव्याच्या बटणापाशी एक जण मुद्दाम उभा करतो.